तुम्ही विचारलंत : हिरा चुंबकाचं चित्र कसं काढतो?

मागच्या अंकात मायक्रोस्कोपबद्दल लिहिताना मी एक वाक्य टाकून पुढे सरकले होते : हिऱ्यातल्या एका दोषावर हिरवा प्रकाश टाकला तर चुंबकीय क्षेत्राचं चित्र काढता येतं. बाकी सगळ्या लेखावर आली नसतील एवढी पत्रं त्या एका वाक्यावर आली. तेव्हा या महिन्याचं सदर त्यालाच. भिंगांवरच्या बुरशीबद्दल विचारणाऱ्यांनी पुढच्या अंकापर्यंत धीर धरावा. तोवर भिंगं सिलिका जेलबरोबर बंद डब्यात ठेवा, आणि कृपा करून सदऱ्याच्या टोकाने पुसू नका.

प्रश्न : चुंबकीय क्षेत्र तर दिसत नाही. लोखंडाचा कीस टाकून रेषा उमटतात तेवढंच. मग हिरा ते ‘दाखवतो’ म्हणजे काय होतं? हिरवा प्रकाश टाकला तर लाल का बाहेर येतो? मॅडम, गणित आलं तरी चालेल. (अकरावीतली विद्यार्थिनी, सांगली)

गणित चालेल म्हणतेस, मग घे.

हिरा म्हणजे कार्बनच्या अणूंची अगदी शिस्तीतली जाळी. तिच्यात एका कार्बनच्या जागी नायट्रोजन येऊन बसला आणि त्याच्या लगतची जागा रिकामी राहिली, तर त्या जोडीला एनव्ही (नायट्रोजन-व्हेकन्सी) सेंटर म्हणतात. त्या जोडीने वरून एक जादा इलेक्ट्रॉन धरून ठेवला की ती आपल्या कामाची. तिथल्या इलेक्ट्रॉनांचं मिळून जे स्पिन, म्हणजे अंगचं इवलंसं चुंबकत्व, असतं त्याच्या तीन अवस्था असतात : शून्य, अधिक एक आणि उणे एक.

आता ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर टाकायचा. इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो, थोडी ऊर्जा जाळीच्या थरथरण्यात घालवतो आणि खाली येताना उरलेली ऊर्जा ६३७ ते साधारण ८०० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशात टाकतो. हिरवं घेऊन लाल देतो ते यामुळे. स्पिन शून्य असेल तर हा लाल उजेड पूर्ण मिळतो. अधिक किंवा उणे एक असेल तर काही इलेक्ट्रॉन लाल प्रकाश न देता आडवाटेने उतरतात, आणि त्या वाटेने आलेले बरेचसे शून्य अवस्थेत येऊन पडतात. म्हणजे एकाच हिरव्या प्रकाशात दोन कामं झाली. स्पिन कोणतं ते उजेडावरून कळलं, आणि सगळी स्पिनं शून्यावर गोळाही झाली.

त्यानंतर मायक्रोवेव्ह. हिऱ्याजवळ तांब्याच्या तारेचं एक वेटोळं ठेवायचं आणि त्यातून वारंवारता हळूहळू बदलत न्यायची. घरातला वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, इथे २.८७ गिगाहर्ट्झ आले की स्पिनं शून्यावरून एकवर ढकलली जातात आणि लाल उजेड कमी होतो. आलेखात तिथे एक खड्डा दिसतो. चुंबकीय क्षेत्र असेल तर अधिक एक आणि उणे एक या अवस्था एकमेकींपासून लांब होतात, आणि एका खड्ड्याचे दोन खड्डे होतात. एनव्हीच्या अक्षाच्या दिशेने असलेल्या प्रत्येक मायक्रोटेस्लामागे (हे क्षेत्र मोजायचं एकक) प्रत्येक खड्डा २८ किलोहर्ट्झ सरकतो. आपल्या भागात पृथ्वीचं क्षेत्र सुमारे ४३ मायक्रोटेस्ला आहे. ते बरोबर अक्षावर आलं तर एक खड्डा १.२ मेगाहर्ट्झ डावीकडे आणि दुसरा तेवढाच उजवीकडे. गणित संपलं.

चित्र काढायला अशी लक्षावधी सेंटरं हिऱ्याच्या एका पृष्ठभागालगत, काही मायक्रोमीटरच्या थरात तयार करतात. ज्याचं क्षेत्र पाहायचं ती वस्तू त्या थराला टेकवायची आणि वरून कॅमेरा लावायचा. वारंवारता एक पायरी पुढे नेली की एक फोटो, पुन्हा एक पायरी, पुन्हा एक फोटो. शेवटी कॅमेऱ्याच्या प्रत्येक पिक्सेलचा स्वतंत्र आलेख हाती येतो, आणि दोन खड्ड्यांमधल्या अंतरावरून त्या ठिकाणचं क्षेत्र. जाळीत एनव्हीचे अक्ष चार दिशांना असतात, म्हणून दोनाऐवजी आठ खड्डे मिळतात आणि क्षेत्राची दिशासुद्धा निघते.

एक खुबी मला विशेष आवडते. लेझरने हिरा तापतो, आणि खोलीच्या तापमानाच्या आसपास एका अंशाला हे खड्डे सुमारे ७४ किलोहर्ट्झ सरकतात. चुंबक मोजणाऱ्याला ही आफत वाटेल. पण तापमान दोन्ही खड्ड्यांना एकाच बाजूला नेतं आणि चुंबक त्यांना विरुद्ध बाजूंना ओढतो. मधला बिंदू तापमान सांगतो, अंतर क्षेत्र सांगतं. एकाच मापात दोन्ही.

आमच्या टेबलावर हिरव्या लेझरसाठी नारिंगी गॉगल घालावा लागतो. तो हिरवं अडवतो, लाल सोडतो. त्यामुळे गॉगल चढवला की लेझर नाहीसा होतो आणि जेमतेम ३ मिलीमीटरची चकती स्वतःच्या लाल उजेडात बसलेली दिसते. खड्डा मात्र डोळ्यांना कळत नाही. इतकी सेंटरं एकत्र असली की उजेड शेकडा एक-दोनानेच घटतो. ते काम कॅमेऱ्याचं.

प्रश्न : स्क्विड (अतिवाहकावर चालणारं चुंबकमापक) १९६४ पासून आहे आणि हिऱ्यापेक्षा कितीतरी संवेदनशील आहे. मग हे कौतुक कशासाठी? नवं खेळणं मिळालं म्हणून? (निवृत्त अभियंता, नाशिक)

तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि तरीही निष्कर्ष चुकतो. या सगळ्या पत्रव्यवहारातला हा सर्वांत चांगला प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

चित्र काढताना पहिली गोष्ट बघायची ती अंतर. संवेदनशीलता त्यानंतर. स्क्विडला गारठा लागतो. द्रव हीलियमचा असेल तर उणे २६९ अंश. नमुना खोलीच्या तापमानाला ठेवायचा तर मध्ये निर्वात पोकळी आणि खिडकी आली, आणि ती कितीही पातळ केली तरी संवेदक आणि नमुना यांच्यात शेकडो मायक्रोमीटरचं अंतर राहतं. हिऱ्याचा थर खोलीच्या तापमानाला चालतो, म्हणून तो नमुन्याला अक्षरशः चिकटवता येतो. पाच-दहा मायक्रोमीटर.

चुंबकाच्या एका बारीक कणाचं क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. १० मायक्रोमीटरऐवजी २०० मायक्रोमीटरवरून पाहिलं तर ते ८,००० पट क्षीण होतं. हे नुकसान संवेदनशील उपकरण एक वेळ भरून काढेल. जे भरून निघत नाही ते वेगळंच : दुरून शेजारशेजारच्या कणांची क्षेत्रं एकमेकांत मिसळतात. ढोल-ताशा पथक वाजतंय हे दोन गल्ल्या पलीकडेही कळतं, पण कोणता ताशा चुकतोय ते पथकात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. तिथे कान तीक्ष्ण असून उपयोग नाही. ढोबळ मानाने, तुम्ही जितक्या अंतरावर आहात तितकाच बारीक तपशील दिसणार.

याचं उदाहरण सांगायला मला सेमरकोनाची उल्का आवडते. १९४० मध्ये आजच्या मध्य प्रदेशात सेमरकोना इथे ती पडली. सगळं वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. पण उल्काशास्त्रात तिचं नाव फार मोठं, कारण सूर्यमाला घडल्यानंतर इतकी कमी बदललेली उल्का शोधून सापडत नाही. तिच्यात कॉन्ड्र्यूल नावाचे गोल कण आहेत, मिलीमीटरच्या आसपासचे. बालसूर्याभोवतीच्या वायूच्या चकतीत ते वितळले, मग निवले, आणि निवताना त्यांच्यातल्या लोखंडाच्या सूक्ष्म कणांनी त्या वेळचं चुंबकीय क्षेत्र पकडून ठेवलं.

अडचण अशी की एवढ्या वर्षांत बाकी खनिजंही चुंबकीय झालेली असतात. दगड पृथ्वीवर पडला, संग्रहालयात राहिला, कोणाच्या तरी हातातल्या चुंबकाजवळून गेला. मोजलेलं चुंबकत्व आतल्या मूळ लोखंडाचं की कडेच्या उशिरा आलेल्या खनिजांचं? अख्खा कॉन्ड्र्यूल एकदम मोजला तर दोन्ही मिसळतं. एमआयटीतले रॉजर फू आणि बेंजामिन वाइस यांनी हार्वर्डच्या रॉनल्ड वॉल्सवर्थ यांच्या गटाबरोबर या कॉन्ड्र्यूलांचं हिऱ्याने चित्रण केलं. चुंबकत्व लोखंडाच्या कणांनी ‘धुळकट’ झालेल्या आतल्या ऑलिव्हिन या खनिजातच आहे, हे चित्रात वेगळं दिसलं. २०१४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : त्या वायूच्या चकतीतलं क्षेत्र सुमारे ५४ मायक्रोटेस्ला, अधिक-उणे २१. आज आपण ज्या क्षेत्रात उभे आहोत साधारण तेवढंच, पण पृथ्वी घडण्याआधीचं! सूर्याकडे वायू ओढला जाण्यात चुंबकत्वाचा हात होता, या कल्पनेला त्याने मापाचा आधार दिला.

आता तुमच्या बाजूने एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या अभ्यासात स्क्विडही होतं. कणांचं एकूण चुंबकत्व किती क्षीण आहे ते त्याने मोजलं, ते नेमकं कुठे आहे ते हिऱ्याने दाखवलं. भांडण लावण्यात अर्थ नाही.

प्रश्न : मी मूळचा धरणगावचा, सुरतेत सीव्हीडी (वायूतून हिरा वाढवणाऱ्या) रिअॅक्टरवर आहे. गॅसमध्ये नायट्रोजन शिरला की माल तपकिरी येतो आणि शेठ बोलतात. तुम्ही म्हणता नायट्रोजनचा दोषच कामाचा. मग तो माल प्रयोगशाळांना विकता येईल का? (सुरत)

तपकिरी माल नाही. पण तुम्ही समजता त्यापेक्षा तुमचा कारखाना या विषयाच्या जवळ आहे.

गुलाबी लॅब-ग्रोन हिरे तुम्ही पाहिले असतील. बिनरंगी किंवा फिक्या प्लेटवर इलेक्ट्रॉनांचा मारा करतात, त्याने जाळीत रिकाम्या जागा पडतात. मग ८०० अंशांच्या आसपास तापवतात, त्या जागा हलू लागतात आणि नायट्रोजनपाशी येऊन अडकतात. एनव्ही तयार. गुलाबी रंग त्यांचाच. संवेदकाचा हिरा बनवायची कृती मुळात हीच. दागिन्यातला गुलाबी खडा आणि आमच्या टेबलावरची चकती सख्खी भावंडं आहेत.

फरक प्रमाणाचा आणि सफाईचा. नायट्रोजन जास्त झाला तर जे नायट्रोजन रिकाम्या जागेशिवाय एकटे राहतात, त्यांचंही स्पिन असतं, आणि ते शेजारच्या एनव्हीला सतत डिवचतं. खड्डे रुंद होतात, माप जाड येतं. कार्बनचंही तसंच. नैसर्गिक कार्बनमध्ये १.१ टक्का कार्बन-१३ असतो, त्याच्या केंद्रकाला स्पिन आहे, म्हणून उत्तम संवेदकांसाठी तो काढून टाकलेला मिथेन वापरतात. महाग पडतो. वर जाळीत ताण नको, थर ठरलेल्या जाडीचाच हवा आणि पॉलिश सपाट हवं. पैलू नकोतच.

म्हणजे शेठना सांगायचं ते हे : टाकाऊ माल खपवायची ही जागा नाही, वेगळा माल मुद्दाम वाढवावा लागेल. एलिमेंट सिक्स ही कंपनी असे हिरे विकते. गॅसचा प्रवाह आणि प्लाझ्मा ताब्यात ठेवणारे हात सुरतेत आहेत, तेव्हा हे आपल्याकडे होऊ नये असं कारण मला दिसत नाही. गिऱ्हाईक मात्र थोडं आणि फार चिकित्सक असेल.

प्रश्न : याचा व्यवहारात उपयोग काय? आपल्याकडे कोणी करतंय का? (तीन-चार वाचक)

चिपची तपासणी. चिपमधल्या तारेतून १ मिलीअँपिअर प्रवाह गेला तर १० मायक्रोमीटरवर २० मायक्रोटेस्ला क्षेत्र तयार होतं, पृथ्वीच्या जवळजवळ निम्मं. सिलिकन आणि प्लास्टिक चुंबकीय क्षेत्राला अडवत नाहीत. त्यामुळे चिप न फोडता, ती चालू असताना, प्रवाह कुठून कुठे जातोय ते बघता येतं. क्ष-किरण तार दाखवतात, तिच्यातून काही वाहतंय का ते दाखवत नाहीत.

पवईला, आयआयटी मुंबईत कस्तुरी साहा यांचा गट हे काम करतो. एकेक फोटो काढत बसण्यात वेळ जातो, ही मूळ अडचण. त्यांनी २०२२ मध्ये विशेष कॅमेरा वापरून सेकंदापेक्षा कमी वेळात बदलणारी क्षेत्रं टिपण्याचं काम प्रसिद्ध केलं. चिप तपासण्याच्या हिऱ्याच्या यंत्रासाठी टीसीएस आणि आयआयटी मुंबई २०२४ मध्ये एकत्र आले. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ६,००३ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचं संवेदन आणि मापनाचं केंद्रही पवईलाच आहे.

प्रश्न : मी नॉटिंगहॅमला राहते. इथल्या विद्यापीठात मुलांच्या डोक्याला टोपी घालून मेंदूचं चुंबकीय चित्र काढतात असं ऐकलं. तेही हिऱ्याचंच का? (मूळ डोंबिवली)

नाही, पण घराणं एकच. त्या टोपीत काचेच्या इवल्याशा कुप्या असतात, त्यांत रुबिडियमची वाफ. लेझरने अणूंची स्पिनं एका दिशेला लावायची आणि चुंबकीय क्षेत्राने ती किती ढळली ते आरपार येणाऱ्या प्रकाशावरून वाचायचं. प्रकाशानेच तयारी, प्रकाशानेच वाचन.

मेंदूचं क्षेत्र १०० फेम्टोटेस्लाच्या घरातलं. पृथ्वीचं क्षेत्र त्याच्या ४० कोटी पट भरतं, म्हणून हे सगळं चुंबकरोधक खोलीत करावं लागतं. इतक्या क्षीण क्षेत्राला हिरा अजून पुरत नाही. पण नाशिकच्या वाचकांना दिलेलं उत्तर इथेही लागू पडतं. जुन्या यंत्रात द्रव हीलियमची भली मोठी टाकी आणि एकाच मापाचं शिरस्त्राण. संवेदक डोक्यापासून दोन-तीन सेंटीमीटर दूर, लहान मुलाचं डोकं असेल तर आणखी दूर, वर हलायचं नाही. वाफेच्या कुप्या टोपीत बसतात, काही मिलीमीटरवर, आणि मूल मान हलवू शकतं. २०१८ मध्ये तुमच्या गावातल्याच गटाने, लंडनच्या सहकाऱ्यांबरोबर, असं हलत्या डोक्याचं मापन करून दाखवलं.

प्रश्न : आमच्या अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचं आता काय होणार? तिथेही हिरे बसवणार का? (अलिबाग)

काही होणार नाही, निश्चिंत राहा. तिचं काम वेगळं आहे. एका जागी, वर्षानुवर्षं, पृथ्वीचं क्षेत्र नॅनोटेस्लापर्यंत मोजत राहायचं. तिथे चित्र काढायचंच नाही, त्यामुळे जवळ जाण्याचा प्रश्न येत नाही, आणि त्यासाठी प्रोटॉन मॅग्नेटोमीटर आणि फ्लक्सगेट ही मापकं उत्तम आहेत.

उलट तुमच्या वेधशाळेकडून आमच्यासारख्यांनी शिकावं. आधी ही मापनं कुलाब्याला चालत. मुंबईत विजेच्या ट्रामचे बेत सुरू झाले तशी ती धोक्यात आली, कारण ट्रामच्या प्रवाहाचं क्षेत्र मापात मिसळलं असतं. वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी ट्राम धावायची वाट पाहिली नाही. १९०४ मध्ये अलिबागला, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत काम सुरू झालं, आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजून जुनी मालिका नव्या जागेला जोडून घेतली. विजेची ट्राम १९०७ मध्ये आली. मापनाची मालिका तुटू न देता हलवणं म्हणजे काय, ते यातून समजतं.

प्रश्न : उत्तरेकडे डोकं करून झोपल्यास रक्तातलं लोह मेंदूकडे ओढलं जातं, हे खरं का? (बरेच जण)

नाही. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं वागत नाही. १.५ टेस्लाच्या एमआरआय यंत्रात पृथ्वीच्या सुमारे ३५,००० पट क्षेत्र असतं, आणि त्यातून माणसं उठून चालत घरी जातात. रक्त आणि चुंबक यांचा खरा संबंध हवा असेल तर मलेरियाचा परजीवी घ्या. तो हिमोग्लोबिन पचवून हिमोझोइनचे स्फटिक मागे टाकतो, ते किंचित चुंबकीय असतात, आणि २०१९ मध्ये हिऱ्याच्या मायक्रोस्कोपने असे एकेक नॅनोस्फटिक पाहिले गेले. झोपायचं तसं झोपा.

प्रश्न : बी.एस्सी.च्या मुलांना यातलं काही आमच्या महाविद्यालयात दाखवता येईल का? मायक्रोवेव्हचं सामान आमच्याकडे नाही. (प्राध्यापक, लातूर)

येईल, आणि मायक्रोवेव्हशिवाय येईल. एनव्ही असलेल्या हिऱ्याची पूड मिळते. चिमूटभर पूड पारदर्शक गोंदात काचपट्टीवर बसवा. हिरवा लेझर, पुढे हिरवं पूर्ण अडवणारी लाल गाळणी, मागे फोटोडायोड आणि मल्टिमीटर. आता निओडिमियमचा चुंबक हळूहळू जवळ आणा. वीस-तीस मिलीटेस्ला क्षेत्र झालं की स्पिनच्या अवस्था एकमेकींत मिसळतात, आडवाट जास्त वापरली जाते आणि लाल उजेड काही टक्क्यांनी घटतो. चुंबक दूर नेला की परत चढतो. मुलांना आधी आकडा बघू द्या, कारण नंतर सांगा.

दोन खड्डे वेगळे दाखवायचे असतील तर मात्र मायक्रोवेव्ह हवाच, आणि पुडीऐवजी एकसंध स्फटिकाची चकती. पुडीत कणांच्या दिशा सैरभैर असल्यामुळे खड्डे नुसते पसरट होतात.

लेझर कमी शक्तीचा असला तरी गॉगल सक्तीचे करा, मुलं वाकून बघतातच. चुंबक सरकवायला प्रयोगशाळेतला लोखंडी स्टँड घेऊ नका, लाकडी पट्टी घ्या आणि स्क्रू पितळेचे. फोटोडायोडला काळं कापड गुंडाळा. ट्यूबलाइट चालू ठेवून माप घेतलं तर आकडा नाचेल आणि मुलं त्यालाच चुंबकाचा परिणाम समजतील.